पाऊल सरळ झालं, मग बूट कशाला?

प्रश्न : माझ्या चार महिन्यांच्या मुलाचा उजवा पाय जन्मतः आत वळलेला होता. सहा प्लास्टर झाली, टाचेमागची शीर कापली, आता पाऊल अगदी सरळ दिसतंय. डॉक्टरांनी मधे आडवी पट्टी (दांडी) जोडलेले बूट रोज २३ तास घालायला सांगितलेत. तो रात्रभर रडतो, टाचेला फोड आलाय. सासूबाई म्हणतात, पाय बरा झालाय, मालिश पुरे. काय करावं?
— एक आई, बार्शी

उत्तर : सासूबाईंना पाऊल सरळ दिसतं ते खरंच आहे, पण ते तसं टिकवायचं काम बूटच करतात. पाऊल आत ओढणारे स्नायू आणि बंध बाळ वाढताना पुन्हा आखडतात. पॉन्सेटी पद्धतीत, म्हणजे प्लास्टर, शीर कापणं आणि मग बूट या तुमच्या बाळाच्या उपचारात, वाकडेपणा उलटतो तो बहुतेक वेळा बूट सोडल्यामुळे, आणि मालिशीने तो थांबत नाही. रोज एक तास बूट काढायचेच असतात. मालिश आणि अंघोळ त्या तासात उरकून पाऊल कोरडं पुसा.

फोडाचं कारण बहुधा तुम्हाला वाटतं त्याच्या उलट आहे. पट्टा सैल असला की टाच वरखाली सरकते, घासते आणि फोड येतो. आई दया येऊन पट्टा आणखी सैल करते, फोड वाढतो. बूट घालताना आधी उजवा, म्हणजे वाकडा होता तो पाय घ्या. गुडघा वाकवा, टाच मागे आणि खाली दाबून बसवा, मधला पट्टा आधी आवळा, नाडी नंतर. बुटाच्या मागच्या भोकातून टाच दिसली पाहिजे. बोटं मुडपलेली नकोत. आत पातळ सुती मोजा घाला. लाल डागावर तेल-क्रीम लावू नका, कातडी मऊ पडून जास्त सोलते. फोड फुटला असेल तर मात्र त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.

उजवा बूट ६० ते ७० अंश बाहेर वळलेला, डावा ३० ते ४० अंश, आणि दोन टाचांमधलं अंतर बाळाच्या खांद्यांच्या रुंदीइतकं, एवढं एकदा ताडून बघा. पट्टी आखूड असेल तर बाळ अवघडतं आणि रडतं.

रडणं पहिले काही दिवसच असतं, कारण दोन्ही पाय एकत्र हलवायचे हे त्याला अजून कळलेलं नाही. पट्टी धरून दोन्ही गुडघे सोबत वाकवायचा-सरळ करायचा खेळ दिवसातून चार-पाचदा खेळा. पट्टीला जुनं कापड गुंडाळा. रडला की बूट काढलेत, तर रडलं की सुटका होते हे तो पटकन शिकतो.

तीन महिन्यांनी वेळ कमी होते. मग रात्री आणि दुपारच्या झोपेत मिळून १२ ते १४ तास, साधारण चार-पाच वर्षांचा होईपर्यंत. बोटं कडेबाहेर आली की मोठा बूट घ्या.

प्रश्न : बूट दर वेळी विकत घेणं परवडत नाही. सरकारी सोय आहे का?
— तीच वाचक

उत्तर : आहे. जन्मतः वाकडे पाय हा आजार राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात येतो. जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे डीईआयसीत, बाळाची कागदपत्रं घेऊन जा. आशाताई किंवा अंगणवाडीत येणारं तपासणी पथक चिठ्ठी देतं. पुढचा बूट आधीच्या तपासणीतच सांगून ठेवा. माप घेऊन बूट हातात पडेपर्यंत दिवस जातात, आणि त्याच मधल्या काळात पाऊल वळायला लागतं. मूल चालायला लागल्यावर ते उकिडवं बसताना टाच टेकते का, ते बघत राहा. टेकत नसेल तर लगेच दाखवा. लवकर गेलात तर बहुधा एक ते तीन प्लास्टरांत भागतं.