उपरोध आधी कानाला कळू दे
आठवीला शिकवायला लागली आहेस, तर एक सांगते. फळ्यावर आधी उपरोधाची व्याख्या लिहू नकोस. मुलं ती पाठ करतात आणि धडा मात्र सरळ अर्थानेच वाचतात. चिं. वि. जोशींचा चिमणराव घे. स्वतःची फजिती तो अगदी गंभीरपणे सांगतो, खरी गोम तिथेच आहे. परिच्छेद मोठ्याने वाच, थांब आणि मुलांना विचार, हे चिमणरावाला कळलंय की फक्त आपल्याला? माझ्या वर्गात मागच्या बाकावरून हळूच आवाज आला, “बाई, त्याला नाही कळलं!” मग कोणत्या शब्दावरून कळलं, तो शब्द सगळ्यांनी पेन्सिलीने अधोरेखित केला.

आपल्याकडची बरीच मुलं घरी कोंकणी बोलतात. जूनमध्ये छत्री विसरून भिजत आलेल्या नातवाला आजी ‘शाणो’, म्हणजे शहाणा, म्हणते, ते त्यांना बरोबर समजतं. व्याख्या त्यानंतर दे.