जर्मनीत वापरलेली इलेक्ट्रिक गाडी घेताना छोटी बॅटरी घ्यावी की मोठी? चार्जिंगच्या वेगाच्या आकड्याला किती महत्त्व द्यावं?

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला कळलेलं असं: पुण्याहून स्टुटगार्टला नोकरीसाठी येताय, घरात लहान मुलासकट तिघं, रोजचं जाणंयेणं चाळीसेक किलोमीटर, महिन्यातून दोनदा म्युनिकला बहिणीकडे. भाड्याच्या घराला स्वतःची पार्किंगची जागा आहे, पण चार्जर नाही. आणि एकाच मॉडेलच्या जाहिरातींत वेगवेगळ्या बॅटऱ्या, कुठे ‘कमाल १०० किलोवॅट’ तर कुठे ‘कमाल १७०’ असं वाचून गोंधळ उडालाय.

मी याच भागात राहतो आणि चार वर्षं इलेक्ट्रिक गाडी चालवतोय. गाडी घेताना मी फक्त तो कमाल आकडा पाहिला होता. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

किलोवॅट-तास म्हणजे आपल्या वीजबिलातलं युनिट. बॅटरीत किती युनिट मावतात, तो तिचा आकार. किलोवॅट म्हणजे ती युनिट कोणत्या वेगाने आत जातात ते.

मॉडेलचं नाव एकच असलं तरी बॅटरी बदलली की गाडीचा स्वभावच बदलतो. व्होल्वो ईएक्स३० ची छोटी बॅटरी ५१ युनिटची आणि एलएफपी, म्हणजे लिथियम-आयर्न-फॉस्फेट प्रकारची. मोठी ६९ ची, निकेल-मँगनीज-कोबाल्टची, म्हणजे एनएमसी. एमजी४ मध्येही ५१ वाली एलएफपी आणि ६४ वाली एनएमसी. टेस्ला मॉडेल ३ ची चीनहून युरोपात आलेली छोट्या बॅटरीची आवृत्ती एलएफपी, ती कमाल १७० किलोवॅटने चार्ज होते. लाँग रेंज ही मोठ्या बॅटरीची आवृत्ती २५० ने. त्यामुळे ‘एमजी४ कशी आहे?’ एवढंच विचारलंत तर नेमकं उत्तर मिळणार नाही. कुठली बॅटरी, हे आधी विचारा.

एलएफपी स्वस्त पडते, वर्षानुवर्षं भरणं-रिकामं होणं चांगलं सोसते. पण तेवढ्याच युनिटसाठी वजन जास्त, आणि थंडीत ती जास्त मंदावते. एनएमसी रोज ८० टक्क्यांपर्यंतच भरावी. एलएफपी मात्र आठवड्यातून एकदा १०० टक्के भरायला कंपन्या सांगतात. कारण तिचं व्होल्टेज भरताना बराच काळ जवळजवळ सपाट राहतं, आणि मधेच थांबत राहिलं तर आत नेमकं किती उरलंय याचा गाडीचा अंदाज चुकत जातो.

आता तो कमाल आकडा. तो वेग गाडी काही मिनिटंच घेते, बहुतेक वेळा बॅटरी बरीच रिकामी आणि कोमट असताना. चार्जिंगमध्ये लिथियमचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, बॅटरीतल्या ग्रॅफाइटच्या थरांत शिरतात. थर भरत आले किंवा बॅटरी गार असली की ते सावकाश शिरतात, आणि तरीही जोर लावला तर आत जाण्याऐवजी लिथियम धातूचा थर पृष्ठभागावर बसतो. त्याने बॅटरी कायमची बिघडते. म्हणून गाडी आपणहून वेग उतरवते.

खरा उपयोगी आकडा १० ते ८० टक्क्यांना लागणाऱ्या मिनिटांचा. नव्या गाड्यांतलं उदाहरण बघा, श्कोडा एल्रोक. तिच्या ५०, ६० आणि ८५ अशा आवृत्त्या आहेत; ही नुसती नावं, बॅटरीचे नेमके युनिट नव्हेत. ५० ची कमाल १४५ किलोवॅट, वेळ २५ मिनिटं. ६० ची १६५, वेळ २४. ८५ ची १७५, वेळ २८. वेळ साधारण सारखीच, पण तेवढ्यात छोट्या बॅटरीत साधारण ३६ युनिट जातात आणि मोठीत ५४. ऑटोबानवर, म्हणजे इथल्या महामार्गावर, ताशी १३० ला अशी गाडी शंभर किलोमीटरला २२ युनिट घेते असं धरलं, तर एका थांब्यात १६५ किलोमीटर की २४५, एवढा फरक पडतो. लांबच्या प्रवासात मोठ्या बॅटरीचा खरा फायदा इथे आहे.

ह्युंदाई आयोनिक ५ हेच काम १८ मिनिटांत करते, कारण तिची यंत्रणा ८०० व्होल्टची आहे. चार्जिंगच्या खांबावरच्या केबलमधून साधारण ५०० अँपिअर जातात. ४०० व्होल्टला ते २०० किलोवॅट होतात, ८०० ला त्याच्या दुप्पट. पण समोरचा खांब तेवढं व्होल्टेज देणारा नसेल, तर त्या गाडीलाही हा वेग मिळत नाही.

माझी चूक सांगतो. संक्रांतीला मित्राकडे हॅम्बुर्गला निघालो होतो. गाडी रात्रभर उघड्यावर उणे सहात उभी, बॅटरीत १५ टक्के. सकाळी उठून भरू असा विचार. ३०० किलोवॅटच्या खांबाला लावली तर पडद्यावर ३८. तासाहून जास्त वेळ तिथेच गेला, मागच्या सीटवर मुलगी कुडकुडत होती. माझ्या गाडीत बॅटरी आधीच तापवून ठेवायची सोयच नव्हती, आणि घेताना मी ते विचारलंही नव्हतं. तेव्हापासून थंडीत आम्ही आदल्या संध्याकाळी, प्रवासाहून परतताना, बॅटरी उबदार असतानाच चार्ज करतो. तुम्ही ही सोय आहे का ते नक्की विचारा. आयोनिक ५ च्या २०२१ च्या पहिल्या गाड्यांतही ती नव्हती, त्यामुळे नुसत्या मॉडेलच्या नावावर विसंबू नका.

तुमच्यासाठी मात्र यापेक्षा मोठा प्रश्न पार्किंगचा आहे. डिसेंबर २०२० पासून जर्मन कायद्याने भाडेकरूला वॉलबॉक्ससाठी, म्हणजे भिंतीवरच्या चार्जरसाठी, परवानगी मागण्याचा हक्क दिलाय. खर्च बहुधा तुमचाच. घरमालकाला गाडी घेण्याआधी पत्र लिहा. ११ किलोवॅटच्या वॉलबॉक्सची वीजवितरकाकडे फक्त नोंद करावी लागते, २२ ला मंजुरी लागते, आणि बहुतेक गाड्या एसीवर, म्हणजे घरी येते त्या प्रकारच्या विजेवर, ११ च्या वर घेतच नाहीत. ११ पुरेत. रात्री लावली की सकाळी तयार.

वॉलबॉक्स मिळत असेल तर ५८ ते ६४ युनिटच्या आसपासची घ्या आणि पैसे वाचवा. म्युनिक तुमच्याकडून २३० किलोमीटर. ए८ महामार्गावर उल्म शहराच्या आधी श्वेबिश आल्ब या डोंगराळ भागाचा चढ आहे, हिवाळ्यात तिथे युनिट भराभर जातात. पण वाटेत पंधरा मिनिटांचा एक थांबा लहान मुलाबरोबर तसाही होतोच. त्या मार्गावर खांबांची चणचण नाही. मुख्य महामार्गांवर दर ६० किलोमीटरला जलद चार्जिंग हवं, असा युरोपीय संघाचा नियमच आहे. वॉलबॉक्स मिळत नसेल तर ७७ ची बघा. आठवड्याचं जाणंयेणं एका चार्जिंगमध्ये आरामात निघेल, सारखं खांब शोधत फिरावं लागणार नाही. सार्वजनिक जलद चार्जिंग घरच्या विजेपेक्षा बरंच महाग पडतं, तो हिशेबही धरा.

रेनो झोए स्वस्तात दिसेल. ती एसीवर २२ किलोवॅट घेते, शहरात हे फार सोयीचं. पण सीसीएस, म्हणजे महामार्गावरच्या जलद (डीसी) चार्जिंगचं सॉकेट, सगळ्या झोएंत नसतं. नसेल तर तुमचा म्युनिकचा बेत अवघड. शिवाय काही जुन्या झोएंची बॅटरी भाड्याची आहे, दरमहा भाडं वेगळं. विक्रेत्याला दोन्ही लेखी विचारा.

बॅटरीला बहुतेक कंपन्या ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरपर्यंत ७० टक्के क्षमतेची हमी देतात. त्यातली किती वर्षं उरलीत ते बघा आणि बॅटरीच्या तपासणीचा दाखला मागा. चाचणीसाठी गाडी मिळेल तेव्हा ती १५-२० टक्क्यांवर असू द्या असं आधीच सांगून ठेवा. अर्धा तास चालवा, जलद खांबाला लावा आणि दहा मिनिटं पडद्यावरचा आकडा लिहून घ्या. विक्रेता तयार नसेल तर दुसरी गाडी बघा.