गावठाणातलं उद्यान ओस पडलंय. देखभाल कोणाची आणि पैसा कुठून?

तुमचं उद्यान नवी मुंबईतल्या गावठाणात आहे, म्हणजे पहिला प्रश्न एकच: भूखंड कोणाच्या नावावर, सिडकोच्या (नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ) की महापालिकेच्या? ते कागदावर कळल्याशिवाय वर्गणी काढू नका. आमच्या गावात आम्ही आधी पैसे जमवले, रंग मारला, आणि एका पावसाळ्यात सगळं पुन्हा होतं तसं झालं. झोपाळ्याची एक साखळी तुटलेली, पोरं उरलेल्या कडीला लोंबकळायची. बघून जीव तुटायचा.

मग माहिती अधिकारात अर्ज केला. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, ३० दिवसांत उत्तर. मालकी विचाराच, पण देखभालीच्या ठेक्याच्या कार्यादेशाची, म्हणजे ठेकेदाराला काम देतानाच्या लेखी आदेशाची, प्रत नक्की मागा. आमच्या कार्यादेशात दोन माळी होते. बागेत आम्ही एकही पाहिला नव्हता! ती प्रत जोडून तक्रार दिल्यावर पंधरवड्यात माणूस आला, नळाचा व्हॉल्व्हही बदलला.

पैशाचं म्हणाल तर आमदार निधी कुंपण, पायवाट, खेळणी अशा कायमस्वरूपी कामांना मिळतो, माळ्याच्या पगाराला नाही. रोजची देखभाल पालिकेच्या अर्थसंकल्पातूनच व्हायला हवी. वर्ष एप्रिलला सुरू होतं, त्यामुळे मागणीचं पत्र दिवाळीच्या सुमारास द्या, फेब्रुवारीत उशीर होतो. पत्रावर गावातल्या बायकांच्या सह्या जरूर घ्या, संध्याकाळी पोरांना घेऊन तिथे त्याच बसतात.

आणि हो, वाळलेलं झाडसुद्धा पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय तोडू नका.