खाणीजवळच्या पाण्याचा नमुना कुठून आणि केव्हा घ्यावा?

डिचोली तालुक्यातील आपल्या गावाजवळची लोहखनिजाची खाण पुन्हा सुरू होत आहे, ओहोळाचे पाणी मासिक अहवालात सदैव मर्यादेत दिसते आणि तरीही पावसाळ्यात शेतात तांबडा गाळ साचतो, हे कसे, असे आपण विचारले आहे; खाणीतून आम्लयुक्त पाणी येईल अशी भीतीही व्यक्त केली आहे. अहवाल खोटा असेल असे लगेच मानू नये. माझ्या अनुभवात आकडा बहुधा खरा असतो, पण नमुना चुकीच्या दिवशी घेतलेला असतो.

गोव्यात वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत कोसळतो. डंपावरची, म्हणजे खाणीतल्या टाकाऊ मातीच्या ढिगाऱ्यावरची, माती खाली येते ती त्यातल्याही काही मोजक्या तासांत. मी एका खाणीच्या गाळ बसवण्याच्या तळ्याच्या तोंडाशी सकाळी घेतलेला नमुना बऱ्यापैकी निवळ होता; दुपारी तासभर मोठी सर आल्यावर त्याच जागी भरलेल्या बाटलीतून पलीकडचे काही दिसत नव्हते. म्हणून पहिल्या मोठ्या पावसात, ओहोळ चढत असताना आणि उतरत असताना, तासातासाने नमुने घ्यावेत. त्याच वेळी खाणीच्या वरच्या अंगाचाही नमुना हवाच, कारण खाणीमुळे किती भर पडली हे त्या दोहोंतील फरकावरूनच कळते. ओहोळावरच्या मोरीजवळ पाण्याची उंचीही टिपून ठेवावी. प्रवाह माहीत नसेल तर एकूण किती गाळ वाहून गेला हे सांगता येत नाही.

लोह आणि मँगनीजसाठी दोन बाटल्या भराव्यात. एक जागेवरच 0.45 मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून तिच्यात नायट्रिक आम्ल घालून सामू (pH) 2 च्या खाली आणावा. दुसरी तशीच ठेवून तिच्यातील निलंबित घनपदार्थ, म्हणजे पाण्यात तरंगत राहिलेला गाळ, मोजावेत. गढूळ पाण्यात न गाळता आम्ल घातले तर गाळातले लोह विरघळून आकडा फुगतो. गाळलेल्या पाण्यात आम्ल घातलेच नाही, तर विरघळलेले लोह बाटलीच्या तळाशी बसते आणि आकडा घसरतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात मँगनीजची स्वीकार्य मर्यादा लिटरला 0.1 मिलिग्रॅम आहे. मात्र जांभ्याच्या प्रदेशात ही दोन्ही मूलद्रव्ये मुळातच आढळतात, तेव्हा एका विहिरीच्या एकाच आकड्यावरून खाणीला दोषी ठरवता येणार नाही. आम्लयुक्त पाण्याची आपली भीती इथे तितकीशी लागू नाही, कारण आम्ल तयार होते ते सल्फाइड खनिजांतून आणि गोव्याचे खनिज मुख्यतः ऑक्साइड आहे. सामू जागेवर मोजत राहिले तरी पुरे.

विहिरीविषयी मला अधिक काळजी वाटते. इथले भुसभुशीत खनिज स्वतःच पाणी धरून ठेवते आणि खाणीचा खड्डा भूजलपातळीच्या खाली गेला की उपसा करावाच लागतो. मग विहिरीतले पाणी प्रयोगशाळेत उत्तम ठरते, पण मार्च-एप्रिलमध्ये विहिरीत ते उरतच नाही. गुणवत्तेच्या तक्त्यात पातळीचा रकाना नसेल तर हे कधीच दिसणार नाही. कठड्यावर एक खूण करून, पहाटे पाणी भरण्यापूर्वी, दर पंधरवड्याला टेपने खोली मोजावी.

16 मार्च 2018 पासून खाणी बंद होत्या, त्या काळातली आपल्या परिसरातील विहिरींची किंवा ओहोळाची कोणतीही नोंद मिळाली तर ती मिळवाच, कारण पुढच्या प्रत्येक आकड्याची तुलना तिच्याशीच करावी लागेल. तशी नोंद नसेल, तर खोदाई सुरू होण्यापूर्वीच्या या आठवड्यांत मोजणीला लागावे.