पाटीकडे पाहताना : वाचकांचे प्रश्न, पेंटरची उत्तरं

प्रश्न : माझ्या मुलाकडे व्हिनाइल, म्हणजे पाटीवर चिकटवायचं पातळ प्लास्टिक, कापायचं यंत्र आहे. त्यातून प्रत्येक अक्षर अचूक निघतं. हाताने रंगवलेली जुनी पाटी दिसली की तुम्ही मात्र थबकता, असं मागच्या अंकात लिहिलंत. तिच्यात एवढं काय पाहायचं?

उत्तर : यंत्र माझ्याकडेही आहे, घाईच्या कामाला मी तेच वापरतो. पण मोजपट्टीचा अचूकपणा वेगळा, डोळ्याचा वेगळा. शिकाऊ असताना मी ‘पुढे वाट नाही’ अशी पाटी रंगवली होती. खडूची दोरी ताणून वरची-खालची रेघ मारली आणि सगळी अक्षरं तिच्यात काटेकोर बसवली. उस्ताद चार पावलं मागे गेले, डोळे बारीक केले आणि म्हणाले, “ट उपाशी राहिलाय.” पाहतो तर खरंच, शेजारच्या कान्यापेक्षा ट आखूड दिसत होता! काना सपाट टोकाने रेघेवर उभा राहतो. टची वाटी मात्र रेघेला जेमतेम एका ठिपक्यापुरती टेकते, म्हणून ती कमी भरते. तिला केसभर खाली उतरवली आणि पाटी शांत झाली. तुमच्या मुलाच्या यंत्रातला फॉन्ट चांगला असेल, तर तो घडवणाऱ्यानेही हेच केलेलं असतं. मुलाला म्हणावं, पडद्यावर अक्षर मोठं करून बघ.

मला सगळ्यांत जास्त आवडते ती अक्षराला रंगवलेली सावली. जुन्या पाटीवर अक्षर आणि त्याची सावली यांच्यात पुष्कळदा दोऱ्याएवढी फट सोडलेली दिसेल. ऑइल पेंट लवकर वाळत नाही. ओल्या अक्षराला सावली टेकली की दोन्ही रंग एकमेकांत शिरतात, आणि वाळायची वाट पाहावी तर दिवस जातो. म्हणून पेंटर तेवढी जागा सोडून त्याच बैठकीत सावली ओढून मोकळा व्हायचा. त्या फटीतून मागचा रंग डोकावतो आणि अक्षर पाटीवरून उचलल्यासारखं वाटतं. काम लवकर उरकावं म्हणून केलेली युक्ती, आणि केवढी देखणी! मी आजही, घाई नसली तरी, ती फट सोडतो.

हत्याराची खूण तर शतकानुशतकं टिकते. रोममध्ये सम्राट ट्रेजनच्या स्तंभाच्या पायथ्याशी इ.स. 113 च्या सुमाराचा एक शिलालेख आहे. रोमन अक्षरांचा तो आदर्श नमुना मानला जातो. तरुणपणी शिकागोत पाट्या रंगवण्याचं काम केलेले आणि पुढे धर्मगुरू झालेले एडवर्ड कॅटिच यांनी त्याचा बारकाईने अभ्यास केला. ती अक्षरं आधी चपट्या ब्रशने दगडावर लिहिली आणि मग त्यांवर छिन्नी चालवली, असं त्यांनी मांडलं. टोकांना असलेले ते छोटे पाय, म्हणजे सेरिफ, ब्रश वळवताना तयार झाले, छिन्नीमुळे नाही, असं त्यांचं म्हणणं. सगळ्यांनी दगड पाहिला आणि पेंटरने ब्रश ओळखला, याचा मला आपल्याच घरातल्या कुणाचं नाव झाल्यासारखा आनंद होतो.

प्रश्न : पाटी हाताने रंगवलेली आहे हे कसं ओळखावं?

उत्तर : एकच अक्षर दोनदा आलं असेल ते शोधा, दोन ‘न’ किंवा दोन ‘र’. सख्खी भावंडं वाटली तर हात, आरशातलं प्रतिबिंब वाटलं तर यंत्र किंवा छाप. शिवाय तिरप्या उजेडात ब्रशच्या केसांच्या बारीक रेघा दिसतात.

प्रश्न : माळ्यावर इनॅमलची जुनी पाटी सापडली आहे. कडेचे टवके उडालेत. रंगवून घेऊ का?

उत्तर : कृपा करून नको! ती पाटी रंगवलेली नाही. पोलादी पत्र्यावर काचेची पूड पसरून सुमारे 800 अंश सेल्सिअसला भट्टीत वितळवलेली आहे. म्हणून तर तिचा निळा इतक्या वर्षांनीही निळाच आहे. वरून दिलेला रंग त्या काचेवर नीट धरणार नाही. सौम्य साबणाच्या पाण्याने पुसा, लगेच कोरडी करा आणि गंजलेल्या कडेला मेण चोळा. भिंतीवर लावताना स्क्रूखाली रबराचा वॉशर घाला आणि फार आवळू नका. टवके बहुतेक वेळा तिथूनच उडायला लागतात.