तिच्यासाठी एक माणूस

बाळा,

तुझा फोन ठेवल्यापासून डोक्यातनं विषय जाईना. अकरा वर्षांची पोरगी, गळा गोड, आणि परमिट रूमवाला तिच्यासकट ऑर्केस्ट्राची दर शनिवारची सुपारी देतोय. आई तयार आहे. तू म्हणालास, "तात्या, आपलीच सगळी माणसं असताना भीती कसली?" मला भीती ह्याच वाक्याची वाटते.

माझ्या पार्टीत दहा वर्षांचा ढोलकीवाला होता. एका हॉटेलच्या गच्चीवर कार्यक्रम, आम्ही नऊ जण. मध्यंतरात पोरगं दिसेना. ज्याला त्याला वाटलं, दुसऱ्याजवळ असेल. सापडलं कोपऱ्यातल्या टेबलावर. एका गिऱ्हाइकाचा हात त्याच्या खांद्यावर, खिशात कोंबलेली पाचशेची नोट, हातात बियरचा ग्लास. मला बघून त्यानं ग्लास पाठीमागं लपवला, जणू चूक त्याचीच. त्यानंतर ते ढोलकीला शिवलं नाही.

मी पेटीवर होतो. पेटी सोडून उठणार कसा, गाणारी बाई अडली असती. हे मी स्वतःला कितीतरी वर्षं सांगतोय, आणि ते खरंही आहे. म्हणूनच सांगतो, वाजवणाऱ्याला पोर सांभाळता येत नाही. पोरासाठी एक वेगळा माणूस लागतो, ज्याला त्या रात्री दुसरं काहीच काम नाही. आई चालेल, मावशी चालेल. पण ती साड्यांना पिना लावत बसणार असेल तर नाही चालणार.

कायदा तुला ठाऊक असायलाच हवा, पार्टी चालवतोस ना? चौदाच्या आतलं मूल कार्यक्रमात आणायचं तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाला पाच तासांच्या वर काम नाही, सलग तीन तासांच्या वर नाही. कमाईतले किमान २० टक्के मुलाच्या नावानं बँकेत ठेवायचे. पाच मुलांमागं एक जबाबदार माणूस पुरतो म्हणे. मला नाही पटत. जिथं दारू चालते तिथं एका पोरामागं एक. आणि २०१५ च्या बाल न्याय कायद्यानं मुलाला दारू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद आहे, हे मालकाला पहिल्या बैठकीतच ऐकव. तोंड बघ त्याचं.

तो माणूस तिला घेऊन येईल आणि तिचं गाणं झालं की लगेच घरी नेईल. कपडे बदलायला कड्या असलेली खोली पाहिजे, बाटल्यांच्या क्रेटमागचा आडोसा नको. बक्षीस तिच्या हातात नाही, त्या माणसाच्या हातात. टेबलावर कुणी बोलावलं तर तोच "नाही" म्हणणार. एवढंही मालकाला जड जात असेल तर सुपारी सोड.

संगीत नाटकातले गायक-नट केशवराव भोसले, त्यांचं उदाहरण मला देऊ नकोस, तेही पोरवयातच रंगमंचावर उभे राहिले म्हणून. नाटक कंपनीच्या बिऱ्हाडात राहणं वेगळं आणि रात्री अकराला पेगवाल्यांच्या मधनं वाट काढत जाणं वेगळं.

त्या प्रकारानंतर मी पोरं घेऊन बारच्या सुपाऱ्या घेतल्या नाहीत. "तात्याला माज आलाय," म्हणाले. म्हणू देत. तुलाही म्हणतील.

तुझा जीव त्या पोरीसाठी तुटतोय हे मला कळलं, म्हणूनच एवढं लिहिलं. मालकाला अजून होकार देऊ नकोस. गुरुवारी तिला नि तिच्या आईला घेऊन घरी ये. मला आधी त्या पोरीला विचारायचंय, तिला तिथं गायचंय का.

तुझा,
तात्या