आईच्या वहीतल्या जीरावनची जिरेपूड झाली

तुम्ही विचारलंय की एआय आणि संस्कृती मिळून समाज कसा घडवतात, आणि यात छोट्या समाजांचं काय होणार. मी इंदूरची, जन्म रामबागेतला, आता लोकमान्य नगरात राहते. आमच्या घरात काय झालं ते सांगते, माझं उत्तर त्यातच आहे.

मागच्या वर्षी आईचं वर्षश्राद्ध होतं. तिची एक वही होती, रेसिपीची म्हणा, पण त्यात दूधवाल्याचा हिशेबही आहे आणि कोणाच्या मुंजीत किती किलो शेव लागली तेही. लेक बंगलोरला असते, ती म्हणाली आई आपण हे छापून सगळ्या नातेवाइकांना देऊ. तिनं पानांचे फोटो काढले, एआयला दिले आणि सांगितलं, नीट मराठीत लिहून दे. दहा मिनिटांत चाळीस पानं तयार, एक काना-मात्रा चुकलेली नाही. मी दोन पानं वाचली आणि रडायलाच आलं, कारण त्यात आई कुठेच नव्हती.

आईनं लिहिलं होतं 'भाजी रात्रीच सुधारून ठेवावी'. आमच्याकडे भाजी सुधारतात, म्हणजे निवडून चिरतात, सगळा माळवा, म्हणजे आमचा इंदूरकडचा मुलूख, असंच बोलतो. त्याचं झालं 'भाजीची चव रात्रीच सुधारून ठेवावी'. भुट्ट्याच्या किसातले भुट्टे जाऊन मक्याची कणसं आली, ते एक वेळ चालेल. पण पोह्यांवर भुरकायचं जीरावन, त्याची केली जिरेपूड! अहो जीरावन म्हणजे जिरेपूड नाही, त्यात धने, बडीशेप, सुंठ, काळं मीठ, आमचूर, हिंग, किती काय असतं, आणि आईचं प्रमाण त्याच वहीत तीन पानं पुढे लिहिलेलं होतं. समासात तिनं लिहिलेलं 'पाऊस येऊन राहिला, पापड आत घेतले', तिथे 'पाऊस येत असल्याने पापड आत घेतले'. आई आयुष्यात कधी 'असल्याने' म्हणाली नाही.

ती पीडीएफ फॅमिली ग्रुपवर गेली आणि पुण्याच्या मामेभावानं, दादानं, लिहिलं, "वा, आत्याची मराठी पहिल्यांदा शुद्ध वाचली." आता हे फक्त त्या दिवसाचं नाहीये. १९८८ मध्ये मामेबहिणीच्या लग्नात मी पंगतीत 'जेवून राहिलेय' म्हटलं आणि दादानं ते अख्ख्या पंगतीला ऐकवलं, दोनदा. मी तेरा वर्षांची होते. आई तिथेच वाढत होती, तिनं ऐकलं आणि काही बोलली नाही, पण त्यानंतर पुण्याला गेली की ती कमी बोलायची. माहेरी जाऊन कमी बोलायची, कळतंय का तुम्हाला?

तर दादा तेव्हा जे करत होता तेच मशीन आता करून राहिलंय. एआयची ही मॉडेलं ढीगभर मजकूर वाचून कुठल्या शब्दापुढे बहुतेक वेळा कुठला शब्द येतो ते शिकतात. सुधारणे म्हणजे चांगलं करणे, हे त्यांना हजारो ठिकाणी दिसलं. सुधारणे म्हणजे चिरणे, हे आमच्या आयांच्या वह्यांत आहे आणि त्या वह्या कपाटात आहेत. २०११ च्या जनगणनेत मराठी बोलणारे ८ कोटींच्या वर, तरी इंटरनेटवरच्या मजकुरात मराठी एक टक्कासुद्धा नाही, मग त्यात इंदूर-ग्वाल्हेर-बडोद्याची मराठी किती असणार? आणि लोक मशीनकडून जे लिहून घेतात ते परत इंटरनेटवरच जातं, पुढचं मॉडेल तेही वाचतं, मतलब जे जास्त आहे ते आणखी जास्त होत जातं.

हे आधीही झालंय, तेव्हा छापखाना होता. १८३१ मध्ये मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आला, १८३६ मध्ये दादोबा पांडुरंगांचं मराठी व्याकरण, मग मेजर कँडी या इंग्रज अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली शाळेची पुस्तकं, आणि पुण्यातल्या एका वर्गाची बोली सगळ्यांसाठी 'शुद्ध' होऊन बसली. मोडीची जोडून लिहिलेली अक्षरं छपाईच्या खिळ्यांत पाडणं अवघड, म्हणून छापखान्यांनी बाळबोध, म्हणजे देवनागरी, धरली, आणि आज होळकरांच्या काळातला घरचा कागद आमच्यापैकी कोणालाच वाचता येत नाही. म्हणजे यंत्रानं समाज बदलतो हे खरं, पण यंत्रात काय जाईल ते माणसं ठरवतात. ज्यांच्या हातात कोश आणि पुस्तकं होती त्यांची बोली भाषा झाली, बाकीच्यांची चूक झाली. त्यात शुद्ध-अशुद्ध काही नव्हतं, दादा. आम्ही माळव्यात तीनशे वर्षं राहून राहिलोय, शेजाऱ्यांचे शब्द घरात येणारच.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे, जे आपल्या बोलीत लिहून ठेवतील त्यांचं टिकेल, बाकीच्यांचं दुरुस्त होऊन जाईल. तुमची आजी जसं बोलते तसंच टाइप करा, जिथे जमेल तिथे टाका, आणि कोणी हसलं तर शब्द बदलू नका.

हां, एआय वाईटच आहे असं मी म्हणत नाहीये, हे आधीच सांगायला हवं होतं. दुसऱ्यांदा लेकीनं बजावून सांगितलं की एकही शब्द बदलायचा नाही, कळला नाही तर विचार. तर त्यानं आईचं अर्धं पुसलेलं अक्षरसुद्धा बरंचसं लावलं (काही आकडे चुकले, ते मी वहीवरून तपासले) आणि सात ठिकाणी प्रश्न विचारले. त्यातला एक होता, इथे सुधारणे म्हणजे चिरणे का? दादानं इतक्या वर्षांत असं एकदाही विचारलं नाही.

वही छापून झाली. 'पाऊस येऊन राहिला' तसंच आहे, जीरावनही. दादाला प्रत पाठवलीये, त्याचा अजून फोन आलेला नाही.